तुलनेची शिस्त : मुंबईतील प्लेग-संशोधन आणि वैज्ञानिक विचारपद्धती (१८९६-१९०७)

प्रस्तावना

‘वैज्ञानिक दृष्टिकोन’ हा शब्दप्रयोग आपल्या शैक्षणिक व्यवहारात इतका रुळला आहे की त्याचा नेमका अर्थ विचारण्याची गरज आता फारशी कोणाला वाटत नाही. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने तो नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत समाविष्ट झाला. अभ्यासक्रमांची उद्दिष्टे आणि परिसंवादांच्या विषयपत्रिका यांत तो नियमाने आढळतो. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘अंधश्रद्धेचा अभाव’ एवढाच घेतला जातो. हा अर्थ चुकीचा नसला तरी अपुरा आहे. अंधश्रद्धेपासून पूर्णपणे मुक्त असलेला, ग्रंथ वाचलेला आणि उत्तम साधने हाताशी असलेला मनुष्यही अवैज्ञानिक रीतीने विचार करू शकतो, आणि त्याची किंमत हजारो माणसांना मोजावी लागू शकते, याचे उदाहरण आपल्याच प्रांताच्या इतिहासात आहे.

१८९६ ते १९०७ या काळात मुंबई शहराने प्लेगशी जो सामना केला, त्याचा राजकीय इतिहास मराठी वाचकाला परिचित आहे. पुण्यातील प्लेगबंदोबस्त, रँडचा वध, लोकमान्यांवरील खटला हे विषय पाठ्यपुस्तकांतून शिकवले जातात. प्रस्तुत लेखात त्या काळाकडे वेगळ्या अंगाने पाहिले आहे. एकाच रोगाविषयी, एकाच शहरात, काही लोकांना नेमके उत्तर सापडले आणि काहींना सापडले नाही, हे का झाले, हा येथील प्रश्न आहे. लेखकाच्या मते हा फरक बुद्धीचा वा साधनांचा नव्हता. आपली समजूत खोटी ठरू शकेल अशी तुलना आधी मांडायची आणि मग निष्कर्ष काढायचा, या एका सवयीचा तो फरक होता.

साफसफाईची मोहीम आणि न विचारलेला प्रश्न

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळचे गोव्याचे असलेले डॉ. अकासियो व्हिएगस यांनी एका रुग्णाची तपासणी करून हा ग्रंथिज्वर, म्हणजे प्लेग असल्याचे निदान केले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १८९४ मध्ये, हाँगकाँग येथे यर्सिन आणि कितासातो यांनी प्लेगचा जंतू शोधला होता. म्हणजे मुंबईच्या अधिकाऱ्यांसमोर आलेला रोग अनाकलनीय नव्हता. त्याचा जंतू माहीत होता, तो सूक्ष्मदर्शकाखाली दिसत होता आणि कार्बॉलिक आम्लाने मरतो हेही ठाऊक होते.

या ज्ञानाच्या बळावर नगरपालिकेने प्रचंड मोहीम उघडली. गटारे समुद्राच्या पाण्याने आणि जंतुनाशकांनी धुण्यात आली. घरांना चुना लावला गेला, उजेड-वारा आत यावा म्हणून छपरांची कौले उतरवली गेली, तळमजल्यावरील सामान बाहेर काढून जाळले गेले. राहण्यास अयोग्य ठरवलेल्या घरांवर ‘यू. एच. एच.’ ही अक्षरे रंगवली गेली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांविषयीचा कायदा संमत झाला आणि मार्चमध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबई प्लेग समिती नेमली गेली. पुण्यात रँड यांच्या समितीने सैनिकांकरवी घरझडत्या सुरू केल्या. याच साथीत रुग्णांची शुश्रूषा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले यांचे निधन झाले.

उन्हाळा वाढत गेला तशी साथ ओसरली. आपल्या उपायांना यश आले, असा समज होण्यास एवढे पुरेसे होते. परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस साथ परतली आणि मुंबई व पुणे या दोन्ही शहरांत पहिल्या वर्षापेक्षा अधिक तीव्रतेने परतली. पुढील अनेक वर्षे मुंबईत हाच क्रम चालू राहिला. हिवाळ्याच्या अखेरीस मृत्यूंचा कळस आणि पावसाळ्याच्या तोंडाशी उतार. जो रोग मे-जूनमध्ये आपोआपच कमी होणार असतो, त्यावर मार्च-एप्रिलमध्ये केलेला कोणताही उपाय यशस्वीच भासणार. तो उपाय चुना लावण्याचा असो, झडतीचा असो वा नवसाचा असो. या बाबतीत नवस करणारा गृहस्थ आणि सरकारी अधिकारी यांच्या तर्कात काहीही अंतर नव्हते, हे थोडे कटू वाटले तरी मान्य केले पाहिजे.

अधिकाऱ्यांनी काय मोजले, हे पाहण्यासारखे आहे. किती घरांना चुना लावला, किती गटारे धुतली, किती लोकांना विलगीकरण छावणीत नेले, याचे आकडे अहवालांत भरपूर सापडतात. धुतलेल्या चाळीत आणि तशाच राहिलेल्या शेजारच्या चाळीत पुढील महिन्यात किती माणसे आजारी पडली, ही तुलना मात्र मोहिमेच्या रचनेतच नव्हती. केलेल्या श्रमांची मोजदाद आणि झालेल्या परिणामांची मोजदाद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या आजच्या संस्थांमधील वार्षिक अहवाल पाहिले तर हा गोंधळ १८९७ मध्येच संपला असे म्हणवत नाही.

या मोहिमेचा जनतेला झालेला जाच हा स्वतंत्र विषय आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. येथे एवढेच नोंदवावेसे वाटते की, जुलूम म्हणून जिचा निषेध झाला त्या मोहिमेचा ‘उपाय म्हणून ती परिणामकारक आहे काय’ या कसोटीवर विचार तेव्हाही क्वचितच झाला आणि इतिहास शिकवताना आपणही तो क्वचितच करतो.

भायखळ्याचा तुरुंग आणि उंढेरा

ऑक्टोबर १८९६ मध्ये सरकारच्या विनंतीवरून वाल्देमार मोर्देकाय हाफकिन मुंबईत आले. ओडेसा येथे १८६० साली जन्मलेले हे ज्यू शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी होते. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली होती आणि १८९३ पासून ते हिंदुस्थानात तिचे प्रयोग करत होते. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये एक खोली आणि एक ओसरी मिळाली. मदतीला एक कारकून व तीन शिपाई होते.

लस तयार करण्याची त्यांची रीत साधी पण कल्पक होती. मांसाच्या अर्कात प्लेगचे जंतू वाढवायचे. गोमांस आणि डुकराचे मांस यांविषयीच्या भावना लक्षात घेऊन त्यांनी बकऱ्याचे मांस वापरले. अर्काच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंची वाढ लोंबत्या तंतूंसारखी खाली उतरते. असे भरपूर पीक आले की सुमारे ६५ अंश सेल्सिअस तापमानात जंतू मारायचे आणि थोडे कार्बॉलिक आम्ल घालून ते बाटल्यांत भरायचे. प्राण्यांवरील प्रयोग झाल्यावर १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी स्वतःला १० घन सेंटीमीटर लस टोचून घेतली. ही मात्रा पुढे लोकांना देण्यात आलेल्या मात्रेच्या कितीतरी पट होती.

आत्मप्रयोगाची ही कथा नेहमी सांगितली जाते. तीत धैर्य निश्चित आहे, पण पुरावा अल्प आहे. लस टोचून घेतलेला मनुष्य तापातून उठला, एवढेच त्यावरून सिद्ध होते. ती रोगापासून वाचवते की नाही, हे एका माणसावरून कळू शकत नाही. हाफकिन यांना याची पूर्ण जाणीव होती आणि त्यांचे खरे मोठेपण पुढील पावलात आहे.

जानेवारी १८९७ च्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तुरुंग ही क्रूर जागा असली तरी तुलनेच्या दृष्टीने तिच्यात एक सोय होती. सर्वांचे अन्न, झोपण्याची जागा, कामाचे तास आणि रोगाशी येणारा संबंध जवळपास सारखा होता. ३० जानेवारीला स्वेच्छेने पुढे आलेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना लस टोचण्यात आली. उरलेल्यांना टोचली नाही. पुढील दिवसांत न टोचलेल्या १७२ जणांत १२ रुग्ण आढळले व ६ मृत्यू झाले. टोचलेल्या १४७ जणांत २ रुग्ण आढळले आणि दोघेही बरे झाले.

या प्रयोगावर घेता येण्याजोगे आक्षेप उघड आहेत. संख्या लहान आहे. टोचून घेण्यास पुढे येणारे कैदी आणि मागे राहणारे कैदी हे प्रकृतीने व स्वभावाने वेगळे असू शकतात. टोचणीच्या दिवशीच ज्यांच्यात रोग प्रकट झाला त्यांना या हिशेबातून वगळले होते. हे वगळणे समर्थनीय आहे, कारण लस अंगी लागण्यास वेळ लागतो. तरीही निकाल पाहिल्यानंतर काय वगळायचे हे ठरवण्याची मुभा कोणत्याही संशोधकाला धोकादायकच असते. आजच्या परिभाषेत सांगायचे तर भायखळ्यात तुलना गट होता, पण यादृच्छिक विभागणी नव्हती.

लेखकाच्या दृष्टीने या संपूर्ण प्रकरणातील सर्वांत शिकण्याजोगी गोष्ट म्हणजे हाफकिन यांनी पहिल्या यशावर न थांबता रचनेतील हा दोष दूर करण्याचा केलेला प्रयत्न. फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळील उंढेरा या गावात त्यांना तशी संधी मिळाली. गावाची घरवार यादी करण्यात आली आणि प्रत्येक कुटुंबाचे शक्य तितके समान असे दोन भाग पाडले गेले. त्यांपैकी एका भागाला लस टोचण्यात आली. यामुळे ‘टोचलेले लोक चांगल्या घरात राहत होते’ किंवा ‘ते सावधगिरीने वागत होते’ हे आक्षेप बव्हंशी बाद झाले. एकाच छपराखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसे आता दोन्ही गटांत होती. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरला, त्यांतील न टोचलेल्या ६४ जणांपैकी २७ आजारी पडले व २६ दगावले. टोचलेल्या ७१ जणांपैकी ८ आजारी पडले व ३ दगावले.

टक्केवारी काढली तर न टोचलेल्यांत दर शंभरी सुमारे ४१ मृत्यू आणि टोचलेल्यांत सुमारे ४ मृत्यू, असे हे प्रमाण पडते. या आकड्यांमागे एकाच घरातली भावंडे आहेत, हे विसरता येत नाही. ज्यांना टोचले नाही त्यांच्या बाजूने या प्रयोगाचे नैतिक समर्थन आज कोणतीही संस्थात्मक नीतिसमिती सहजासहजी मान्य करणार नाही. पण लस खरोखर उपयोगी आहे हे तोपर्यंत कोणालाच खात्रीने माहीत नव्हते आणि कळण्याचा दुसरा मार्गही नव्हता. पुढे सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने लसीच्या आकडेवारीची कठोर छाननी केली. लस संपूर्ण संरक्षण देत नाही, पण रोगाचे व मृत्यूचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटवते, हा निष्कर्ष त्या छाननीतूनही टिकला. आगाखान यांच्यासारख्या प्रतिष्ठितांनी स्वतः टोचून घेऊन आपल्या समाजाला प्रवृत्त केले. १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये हलवण्यात आली.

पिसवांची मोजणी

लस माणसाला वाचवत होती. रोग माणसापर्यंत पोहोचतो कसा, हा प्रश्न अद्याप सुटलेला नव्हता. १८९८ मध्ये कराची येथे फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी आजारी उंदरावरील पिसवांमार्फत निरोगी उंदराला प्लेग होतो, असे प्रयोगाने दाखवले. हे मत मान्य झाले नाही. उपर्युक्त प्लेग आयोगानेही ते बाजूला सारले. घाण, ओल, दूषित जमीन आणि रुग्णाचा संपर्क हीच कारणे बहुतेकांना पुरेशी वाटत होती.

परळच्या प्रयोगशाळेतील ग्लेन लिस्टन यांनी १९०३ पासून मुंबईच्या चाळींत या प्रश्नाचा पाठपुरावा केला. त्यांची पद्धत अत्यंत साधी होती. उंदीर मेल्यानंतर रहिवाशांनी सोडून दिलेल्या खोल्यांत ते गिनीपिग मोकळे सोडत. गिनीपिगच्या अंगावर उपाशी पिसवा जमत आणि त्या मोजता येत. माणसांच्या अंगावरच्या पिसवाही त्यांनी गोळा केल्या. एरवीच्या परिस्थितीत माणसांवर सापडलेल्या २४६ पिसवांत उंदरावरची पिसू केवळ एक होती. ज्या चाळीत उंदीर मेले होते, तेथे माणसांवर सापडलेल्या ३० पिसवांत उंदरांवरच्या तब्बल १४ होत्या. नुसत्या १४ या आकड्याला काहीच अर्थ नाही. त्याला अर्थ येतो तो शेजारच्या २४६ मुळे. निरोगी घरातल्या पिसवा पकडून त्यांची जात ओळखत बसणे हे कंटाळवाणे आणि वरकरणी निरर्थक काम आहे. गटारे धुणाऱ्या पथकाला ते वेळेचा अपव्ययच वाटले असते.

१९०५ मध्ये भारतमंत्र्यांचे कार्यालय, रॉयल सोसायटी आणि लिस्टर संस्था यांच्या संयुक्त समितीने परळ येथे नव्याने काम सुरू केले. लिस्टनही त्यात होते. या मंडळींनी प्रत्येक पर्यायी कारणाला स्वतंत्रपणे हरण्याची संधी दिली. संपर्काने रोग होत असेल तर आजारी आणि निरोगी गिनीपिग एकत्र कोंडले असता निरोगी प्राणी आजारी पडायला हवा. पिसवांना पूर्ण मज्जाव केला तेव्हा तसे झाले नाही. दूषित हवेने होत असेल तर पिंजरा जमिनीपासून किती उंच टांगला याने काही बिघडू नये. प्रत्यक्षात दोन इंच उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यातील प्राण्यांना रोग झाला, दोन फुटांवरील प्राण्यांना झाला नाही. पिसू तेवढी उंच उडी मारू शकत नाही. काही पिंजऱ्यांभोवती सहा इंच रुंदीचा चिकट कागद पसरला होता. त्या पिंजऱ्यांतील प्राणी सुरक्षित राहिले आणि पिसवा कागदाला चिकटलेल्या आढळल्या.

१९०६ पासून हे निष्कर्ष ‘जर्नल ऑफ हायजीन’ या नियतकालिकात क्रमाने प्रसिद्ध झाले. मोहिमेचे कोडेही त्यामुळे उलगडले. उष्ण ऋतूत साथ का ओसरते, याचा संबंध पिसवांच्या संख्येशी व तापमानाशी लागला. घरे उपसणे, सामान बाहेर काढणे, उंदरांना त्यांच्या बिळांतून हुसकावणे हे उपाय नुसते निरुपयोगी नव्हे, तर काही ठिकाणी अपायकारकही ठरले असावेत, असे आज वाटते.

मुलकोवालची बाटली

याच परळच्या प्रयोगशाळेशी निगडित असलेली एक घटना मात्र वैज्ञानिक विचाराच्या अभावाचे उदाहरण म्हणून अभ्यासावी लागते, आणि तीही प्रयोगशाळेच्या बाहेर, चौकशीच्या दालनात घडली.

१९०२ मध्ये पंजाब सरकारने मोठ्या प्रमाणावर लस टोचण्याची योजना आखली. मागणी भागवण्यासाठी हाफकिन यांनी कार्बॉलिक आम्ल घालण्याची पायरी वगळून केवळ उष्णतेच्या निर्जंतुकीकरणावर भर दिला. पाश्चर संस्थेत ही रीत प्रचलित होती. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी मुलकोवाल या गावी १०७ जणांना पाच बाटल्यांतून लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३-एन’ या एका बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मरण पावले.

चौकशी आयोगाचे अध्यक्ष मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, ती दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. नवी रीत आणि नवा अपघात एकापाठोपाठ आले, तेव्हा एकाचे कारण दुसरे असणार, हा तर्क मनाला सहज पटतो. कौले उतरवली आणि साथ ओसरली, या तर्काचीच ही दुसरी बाजू होय. हाफकिन यांना संचालकपदावरून दूर व्हावे लागले. ते परदेशी होते, ज्यू होते आणि वैद्यकाची पदवी नसलेले प्राणिशास्त्रज्ञ होते. या तीन गोष्टींचा त्यांच्या वाट्याला आलेल्या वागणुकीशी काहीच संबंध नव्हता, असे मानणे कठीण आहे.

प्रतिपक्षाने मांडलेले मुद्दे मात्र तुलनेचे होते. रीत सदोष असेल तर तो दोष एकाच बाटलीत का दिसावा? त्या दिवशी इतर चार बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही. धनुर्वाताचे जंतू बंद बाटलीत अनेक दिवस वाढले असते तर द्रवाला उग्र दुर्गंधी यायला हवी होती. बाटली उघडली तेव्हा असा वास आला नाही, अशी साक्ष झाली होती. शिवाय बूच काढण्याचा चिमटा गावातील जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला, हीदेखील साक्षच होती. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात. हे सर्व पुरावे आयोगासमोर होते. उणीव माहितीची नव्हती. ‘बाटली परळला दूषित झाली असती तर आणखी काय काय दिसले असते?’ हा उलट प्रश्न विचारण्याची सवय तेथे नव्हती.

अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्धच झाला नाही. तो प्रकाशात आल्यावर रोनाल्ड रॉस यांनी १९०७ मध्ये ‘टाइम्स’मधून हे प्रकरण उचलून धरले आणि जुलैमध्ये त्यांच्यासह दहा तज्ज्ञांच्या सह्यांचे पत्र प्रसिद्ध झाले. मलेरियाच्या प्रश्नावर डासांची चिकाटीने चिरफाड केलेल्या रॉस यांना असल्या पुराव्याची पारख होती. नोव्हेंबर १९०७ मध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले. ते हिंदुस्थानात परतले, पण परळला नव्हे, कलकत्त्याला. १९१४ मध्ये ते निवृत्त होऊन युरोपात गेले. परळच्या संस्थेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले आणि १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.